चिकटपट्टीचं जहाज

आईने ते सांगितलं तेव्हा आम्ही जेवत होतो आणि बाबांनी मीठ मागितलं होतं. तिने आधी मीठ दिलं.

"मी आता तुमच्या मावशीकडे राहायला जाणार आहे," ती मला आणि ताईला म्हणाली. "कायमची. भांडण नाही, राग नाही. फक्त जायच्या आधी एकदा चौघं मिळून राहू या. सात दिवस. बाहेर कुठेतरी. मग मी जाईन."

बाबा मिठाची बाटली हातात धरून बसले. मग म्हणाले, "बाहेर म्हणजे कुठे म्हणतेस?"

सत्तावीस वर्षांचा संसार मोडतोय आणि माणूस ठिकाण विचारतोय. मला वाटलं, धक्का बसलाय. धक्का नव्हता. माणूस कामाला लागला होता.

बाबा फरश्या बसवतात. गावात त्यांच्याइतका सरळ सांधा कुणाचा नाही, हे मी नाही, त्यांचे शत्रू सांगतात. त्यांचा एकच नियम आहे. सिमेंट कालवायच्या आधी सगळ्या फरश्या जमिनीवर नुसत्या मांडायच्या, लांबून बघायचं, जवळून बघायचं, कोपऱ्यात कापलेला तुकडा येतो का बघायचं. याला ते 'कोरडं मांडणं' म्हणतात. गिऱ्हाईक असलं की दुसऱ्या दिवशी सिमेंट येतं, कारण गिऱ्हाईक ओरडतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या फरश्या अकरा वर्षं कोरड्या मांडलेल्या आहेत. सांध्यात पांढरा भरायचा की करडा, हे ठरलेलं नाही. ओट्यासमोरची 'खट' वाजते, फ्रिजजवळची 'खटाक'. बाहेरच्या खोलीत बसून मी सांगू शकतो की कोण पाणी प्यायला गेलंय आणि कोण गोड खायला. आईचा आवाज येत नाही. ती कडेकडेने चालते.

तर बाबांनी विचार केला, आणि समुद्र काढला. साधासुधा नाही, भूमध्य. जवळचं काही निवडलं असतं तर दोन दिवसांत ठरलं असतं आणि तिसऱ्या आठवड्यात आई मावशीकडे असती. भूमध्य समुद्र लांब होता, आणि त्यावर जहाजं होती, आणि प्रत्येक जहाजाची एकशेचाळीस पानांची माहितीपुस्तिका होती. बाबांनी ती पुस्तिका पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो माझ्या बारशाच्या फोटोतही नाही.

शेवटी दोन जहाजं उरली. पहिल्यावर चार हजार माणसं आणि नऊ घसरगुंड्या. दुसऱ्यावर सहाशे माणसं, एक वाचनालय आणि रोज दुपारी प्राचीन अवशेषांवर व्याख्यान. आम्ही त्यांना घसरगुंडी आणि व्याख्यान म्हणायला लागलो.

"नऊ घसरगुंड्या आहेत," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही घसरणार आहात का?" ताईने विचारलं.

"असलेल्या बऱ्या. उद्या वाटलं तर?"

ताई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बदलत ती विचारते, "आता बरं दिसतं, की आता?" तिने तेच केलं. बाबांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकायला लावला आणि दोन्ही पुस्तिका आलटून पालटून समोर धरल्या.

"हे बरं, की हे?"

"सारखंच दिसतंय."

"मग नंबर बदललेला नाही," ताई म्हणाली. "एक घ्या आणि मोकळे व्हा."

बाबांनी दुसरा डोळा झाकला. "आता परत दाखव."

तिने पुस्तिका खाली ठेवल्या, मला गॅलरीत ओढलं आणि दार लावून घेतलं. "तुला कळतंय ना ते काय चाललंय? जहाज ठरलं की सहल होणार. सहल झाली की आई जाणार. ते ठरवणारच नाहीयेत."

"कळतंय," मी म्हटलं.

"मग त्या सहलवालीला रोज फोन करून फाटे फोडणारा कोण आहे?"

तो मीच होतो. आमचं बुकिंग बघणारी बाई फारच सोशिक निघाली. मी तिला तोवर चौसष्ट प्रश्न विचारले होते. जहाजावर उशी किती जाड असते. व्याख्याता आजारी पडला तर व्याख्यान कोण देतं. घसरगुंडीवर चष्मा चालतो का. जहाज वळतं तेव्हा चहा सांडतो का. या शेवटच्या प्रश्नावर तिने कंपनीला पत्र पाठवलं होतं आणि उत्तर यायचं होतं.

"सर," ती एकदा म्हणाली, "लोक लग्नं करतात ना, तेसुद्धा इतकं विचारत नाहीत."

"म्हणूनच तर," मी म्हटलं.

माझं कामही तसलंच आहे. लिफ्टमध्ये अडकल्यावर आतलं लाल बटण दाबलं की जो फोन लागतो, तो मी उचलतो. मला एकच वाक्य शिकवलेलं आहे: "घाबरू नका, माणूस निघालाय." माणूस बहुतेक वेळा निघालेला नसतो. पण आतल्याला काही काळ बरं वाटतं, आणि माझ्या अनुभवात, काही काळ म्हणजेच सगळं. आईच्या बाबतीतही मी असाच हिशेब धरला होता. चार महिने गेले होते. आणखी चार जातील. एखाद्या सकाळी ती उठेल आणि मावशीचं घर कुठे आहे हेच विसरेल.

मग सहलवालीने सांगितलं की दोन्ही जहाजांवरच्या खोल्या पुढच्या रविवारपर्यंतच राखून ठेवता येतील. त्यानंतर व्याख्यानही नाही आणि घसरगुंडीही नाही.

आता ठरवावं लागणार होतं. बाबा रात्रभर तळमळले असतील, पण सकाळी हसत आले. हातात दोन चिकटपट्ट्या होत्या, एक लाल, एक निळी.

"कोरडं मांडून बघू," ते म्हणाले.

त्यांनी बाहेरच्या खोलीतला सोफा आणि टेबल जिन्यात नेऊन ठेवलं. मग गुडघ्यांवर बसून, पुस्तिकेतला नकाशा बघत, लाल पट्टीने घसरगुंडीवरची चौघांची खोली जमिनीवर आखली. अठरा फूट बाय नऊ. मोठा पलंग, त्यावर भिंतीतून खाली येणाऱ्या दोन फळ्या, कपाट, न्हाणीघर, दार. सुताराला जमली नसती इतकी सुबक. भिंतीवर त्यांनी एक खिडकी आखली. आठवडाभर यात राहायचं, पुढचा आठवडा निळीत, मग पंचनामा. मुदत रविवारी संपते हे ताईने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ते बोलून घेऊ." म्हणजे ते मी बोलायचं होतं.

मला वाटलं आई नाही म्हणेल. तिने रेषांकडे बघितलं, चप्पल काढली आणि दारातून आत आली.

नियम असे होते. भिंत ओलांडायची नाही. कामावर जाणं म्हणजे बंदरावर उतरणं. संध्याकाळी सहाला जहाज सुटणार. स्वयंपाकघर म्हणजे जेवणाचा मजला, खऱ्या न्हाणीघरात जायचं तर "वर जाऊन येतो" म्हणायचं. आई कवळ्या बनवते. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून, तासून, बसवून ती पावणेसहाला बंदरावरून परत यायची आणि पलंगाच्या रेषेवर बसायची. ताईने आपल्या घरून पिशवी आणली होती. वरच्या फळ्यांवर आम्ही दोघं, म्हणजे अर्थात जमिनीवरच. पण बाबांच्या सांगण्यावरून आम्ही उतरताना आधी पाय खाली सोडायचो.

मी हे सांगायला लाजतो, पण मजा येत होती.

तिसऱ्या दिवशी ताईला सहा वाजून वीस मिनिटं झाली. बाबांनी तिला दारात अडवलं.

"जहाज गेलं."

"बाबा, पाय दुखतायत. एका आजोबांनी तासभर एकच अक्षर वाचलंय."

"गेलं म्हणजे गेलं. पुढच्या बंदरावर भेट."

ती खरंच रेषेबाहेर पिशवी धरून उभी राहिली, कारण हट्टीपणा तिने बाजारातून आणलेला नाही. दहा मिनिटं गेली. मग आई उठली, टॉवेल घेतला, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं तिच्याकडे फेकलं. ताईने ते पकडलं. आईने तिला आत ओढलं आणि ओढता ओढता स्वतःलाच हसू फुटलं. साधं नाही. खाली बसावं लागलं, डोळे पुसावे लागले. बाबा माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे. आम्ही दोघं तेव्हा इतके आनंदात होतो की कुणी विचारलं असतं तर आम्ही स्वयंपाकघरात सिमेंटही ओतलं असतं. कुणी विचारलं नाही.

त्यानंतर रोज पत्ते झाले. आई चीटिंग करायची आणि पकडली गेली की "लाट आली" म्हणायची. संध्याकाळी ती आखलेल्या खिडकीसमोर उभी राहायची. तिथे भिंतीवर ओल आली होती, तिचा डाग होता.

"काय दिसतंय?" बाबांनी विचारलं.

"बेट," आई म्हणाली. "उजाड आहे."

"उद्या जवळ येईल."

"हो का," आई म्हणाली आणि बघत राहिली.

सातव्या दिवशी, शनिवारी सकाळी, बाबा निळी पट्टी उकलत होते. आईने आपली पिशवी भरून पलंगाच्या रेषेवर ठेवली होती. मला वाटलं, सामान हलवायला, दुसऱ्या जहाजासाठी.

"छान झाली सहल," ती म्हणाली.

"तालीम," बाबा म्हणाले. "सहल अजून व्हायचीय."

"झाली. सात दिवस म्हटलं होतं मी. चौघं होतो. एका खोलीत होतो. खरंच छान झाली, अहो. इतकं आपण कधी बसलो नव्हतो."

"पण बाहेर म्हणालीस ना? बाहेर कुठेतरी. आणि समुद्र?"

"समुद्र तुम्ही काढलात." तिने पिशवीची चेन लावली. "बाहेरचं म्हणाल, तर ते मी सोडून दिलं. तुमच्यासाठी."

ताईने मान खाली घातली, कारण आम्हा दोघांत तिलाच अक्कल आहे. बाबांनी पट्टीचं टोक नखाने सोडवायचा प्रयत्न चालू ठेवला.

"पहिल्याच जहाजावर निर्णय होत नसतो," ते म्हणाले. "दुसरं बघितल्याशिवाय तुलना कशी करणार? अगं, त्यात वाचनालय आहे."

"अहो," आई म्हणाली, आणि ती रागावली असती तर बरं झालं असतं, "अकरा वर्षं मी पाऊल टाकायच्या आधी खाली बघतेय. फरशी हलेल का, वाजेल का. मला एकदा वर बघून चालायचंय. बस, एवढंच आहे. दुसरं काही नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. आता माझी पाळी होती, आणि माझ्याकडे एकच गोष्ट शिल्लक होती.

"आई, थांब ना," मी म्हटलं. "जहाज वळताना चहा सांडतो का, त्याचं उत्तर यायचंय अजून."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सांडत असेल रे."

मग ती निघाली. चारी बाजूंनी नुसत्या पट्ट्या होत्या, कुठूनही पाय टाकून बाहेर पडता आलं असतं. ती दारातून गेली. वळून, न्हाणीघराच्या रेषेला धक्का न लावता, दारातून. पुढे स्वयंपाकघरात तिचा कप घ्यायला गेली आणि तिथे अकरा वर्षांत पहिल्यांदा ती मधोमध चालली. खट. खटाक. ताई आईची पिशवी उचलून तिच्या मागे गेली, तिला स्टेशनावर सोडायला. खरं दार लागलं. जिन्यात सोफा वाटेत होता, तो सरकवल्याचा आवाज आला.

फोन वाजला. सहलवाली होती.

"सर, उद्या शेवटचा दिवस. ठरलं का काही?"

"घाबरू नका," माझ्या तोंडून सवयीने गेलं, "माणूस निघालाय."

"कोण माणूस?"

मी फोन ठेवला. बाबा तोवर गुडघ्यांवर बसून एका बाजूची लाल भिंत उखडत होते. पट्टीबरोबर जमिनीचं पॉलिशही निघत होतं, खाली फिकट रेघ राहत होती. एरवी त्यांनी एवढ्यासाठी कामगाराला हाकललं असतं.

"काढून टाकताय?" मी विचारलं.

"सरकवतोय," ते म्हणाले. त्यांनी मोजायची टेप काढली. "चौघांची खोली तिघांना सैल पडते. दोन फूट आत घेऊ. मग बघ कशी दिसते."

"ताई पण उद्या तिच्या घरी जाणार, बाबा."

ते थांबले. टेपकडे बघत त्यांनी काहीतरी मनात मोजलं.

"मग साडेतीन फूट," ते म्हणाले. "धर ते टोक."

मी धरलं.

"दार कुठे घ्यायचं?"

"दार राहू दे तिथेच," बाबा म्हणाले. "ते बरोबर आहे."