दोनदा विचारलं तर

लग्नाआधीच ओडील मावशीने मला बजावलं होतं, "पोरी, खेळून घरी आला की किती गुण झाले ते विचारू नकोस. तो तुला काय विचारतो ते ऐक. एकच गोष्ट दोनदा विचारली, तर हसण्यावारी नेऊ नकोस." ही माझ्या नवऱ्याची, टेव्हियनची मावशी. तिचा नवराही कॉलेजात फुटबॉल खेळलेला. आता तो स्वतःच्याच गल्लीत वाट चुकतो. मी "हो हो" म्हटलं आणि ताटलीत आणखी गम्बोचा रस्सा वाढून घेतला.

आमच्याकडे कॉलेजात ऑगस्टमध्ये, हंगामाआधी, खेळाडूंना संगणकासमोर बसवून स्मरणशक्तीची परीक्षा घेतात. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. ऑगस्टपेक्षा कमी मार्क पडले, तर खेळणं बंद. म्हणून जुनी पोरं नव्यांना आधी शिकवतात ते ऑगस्टात नापास व्हायला.

त्या दिवशी टेव्हियन हसतच घरी आला. "रेनेल, आज मी इतका मठ्ठ झालो, की परीक्षा घेणाऱ्या बाईंनी काळजीने पाणी आणून दिलं."

"त्यासाठी परीक्षा कशाला? मला विचारायचं होतं त्यांनी," मी म्हणाले. आमची लेक जूनी माझ्या कडेवर होती, तीही हसली.

तेव्हा तो क्वार्टरबॅक, म्हणजे हाताने चेंडू फेकून डाव चालवणारा, पण तिसऱ्या नंबरचा, म्हणून बाकावरचाच. ऑक्टोबरात पहिल्याचा गुडघा गेला, दुसऱ्याने सारखे विरोधकांच्याच हातात चेंडू फेकले, आणि टेव्हियन मैदानात उतरला. पहिले दोन सामने जिंकल्यावर शेजारचे लोक दारात गरम सॉसेज आणून ठेवायला लागले. तिसऱ्या सामन्यात एक धिप्पाड गडी त्याच्यावर आदळला. टेव्हियन उठला, पण उठण्याआधी त्याने गवतावर हात फिरवला, जमीन जागेवर आहे ना ते बघावं तसा. मी जूनीला घट्ट धरलं.

रविवारी पुन्हा परीक्षा झाली. "वा, ऑगस्टपेक्षा हुशार झालास की!" ट्रेनर म्हणाला म्हणे. टेव्हियनने ते मला नक्कल करून दाखवलं.

सोमवारी सकाळी तो जूनीला भरवत होता.

"जूनीने खाल्लं का?" त्याने विचारलं.

"खातेय ना. तूच तर भरवतोयस."

"हां." एक घास. मग तितक्याच लाडिक आवाजात, "जूनीने खाल्लं का?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. "टेव्हियन, चमचा तुझ्या हातात आहे."

"मग? बापाने दोनदा विचारू नये?"

"डोकं दुखतंय?"

"नाही." मग खालच्या आवाजात, "शनिवारी मोठ्या संघांची माणसं मला बघायला येणार आहेत. दुखतंय म्हटलं की बाकावर. बाकावरून कुणी कुणाला उचललंय, सांग?"

तो सरावाला गेल्यावर मी ट्रेनरला फोन करून ऑगस्टचं सगळं सांगून टाकलं. "टेव्हियनला बाकावर बसवावं लागेल," तो म्हणाला. "आणि आता सगळ्यांचीच परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल, कळतंय ना तुम्हाला?"

"घ्या," मी म्हणाले.

संध्याकाळी टेव्हियन पिशवी भरायला आला. सोबत त्याचा मित्र कीऑन. "वहिनी, कमाल केलीत," कीऑन दारातूनच म्हणाला. "एका फोनमध्ये अख्खा संघ नापास!"

टेव्हियन हसला नाही. "तू माझी बायको आहेस की कोचची हेर?" एवढंच म्हणाला, जूनीच्या केसांना हात लावला आणि गेला. तेव्हापासून तो कीऑनकडेच आहे. माझा फोन उचलत नाही. कीऑन म्हणतो, मजेत आहे, फार झोपतो. फार झोपतो यात मजेचं काय, ते मला कळत नाही. मी गेले तर तो दार उघडणार नाही.

तुम्ही कीऑनच्या घराकडे राहत असाल, तर लॉन्ड्रीच्या मागचं निळ्या दाराचं घर आहे ते. जरा जाऊन दार वाजवा. सामन्याचं काही काढू नका. लेकीचं नाव काय, ते विचारा. इकडचं तिकडचं बोला आणि पुन्हा तेच विचारा. वैतागला, "आत्ताच सांगितलं ना" म्हणाला, तर बरा आहे. पण पहिल्यांदाच कुणी विचारल्यासारखा खुशीत सांगायला लागला, तर त्याला एकटं सोडू नका. तिथूनच मला फोन करा.