सातविणीच्या कमरेची गाठ

मित्रांनो, देवळामागच्या सातविणीच्या झाडाच्या कमरेला एक विटका, चौकड्यांचा शेला सैलसर गुंडाळलेला दिसतो ना, तो मी. आमच्या बालीत माझ्यासारख्या कापडाला पोलेंग म्हणतात.

सुआर्निंगने मला मागावर विणले, तेव्हा ती तरुण होती. उभ्या धाग्यांत एक पट्टा काळा, एक पांढरा, आडव्यातही तसेच. काळ्यावर काळा आला तिथे रात्र झाली, पांढऱ्यावर पांढरा आला तिथे दिवस. आणि दोघे एकमेकांना छेदून गेले तिथे संध्याकाळ. राखाडी रंगाचा एकही धागा माझ्यात नाही, तरी माझे अर्धे अंग राखाडी आहे.

पोलेंग म्हणजे दोन रंगांचा. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या कुत्र्यालाही इथे पोलेंगच म्हणतात. पण कापडाचा मान वेगळा. माझी भावंडे देवळाच्या दाराशी दगडी राखणदारांच्या कमरेला असतात, उत्सवात गर्दी आवरणाऱ्या माणसांच्याही. ज्या झाडाला पोलेंग, त्या झाडात कोणीतरी राहते. त्याच्यावर कुऱ्हाड उचलायची नाही.

माझ्या वाट्याला ही सातवीण आली. मी सारखा घसरत होतो, म्हणून सुआर्निंगने वरून नायलॉनची दोरी आवळली आणि घट्ट गाठ मारली.

मग वर्षे गेली. देवाच्या झाडावरचे वस्त्र काढायचे नाही, वरून नवे चढवायचे, हा आमच्या गावाचा रिवाज. उत्सवामागून उत्सव माझ्यावर नवे शेले येत गेले आणि मी आत आत जात राहिलो. तिथे ऊन नव्हते, आवाज नव्हते. सातविणीची फुले उमलली की त्यांचा जड वास झिरपत यायचा आणि मला पुन्हा मागावर असल्यासारखे वाटायचे.

एका वर्षी खोड माझ्या वरच्या अंगाला फुगू लागले. गाव हरखले. सातविणीला असा फुगवटा आला की आमची माणसे म्हणतात, झाडाला दिवस गेले. तो फुगवटा उतरवून त्यातून देवळाचा मुखवटा कोरतात, आणि झाड जगते.

पण मला आतून वेगळेच कळत होते. पानांनी केलेले अन्न सालीतून मुळांकडे उतरते. ते दोरीपाशी अडत होते, म्हणून खोड सुजत होते. खाली मुळे उपाशी होती. फुगवटा कापला असता, तर सातवीण वाचली नसती. हे सांगायला मला तोंड नव्हते.

कापायच्या सकाळी मुखवटे कोरणारा गेजिर हत्यारे घेऊन आला. देवळाचे पुजारी जेरो मंगकू नैवेद्य मांडत होते. म्हातारी सुआर्निंग नवा शेला घेऊन आली.

"काय दादोंग, बाळंतिणीला बघायला आलीस?" गेजिर हसला. दादोंग म्हणजे आमच्याकडे आजी.

"तू सुईण असलास तर बाळंतिणीचं काही खरं नाही," ती म्हणाली. मग तिने वर पाहिले. "पानं पिवळी का रे पडलीत?"

"दिवस गेल्यावर तुझा चेहरा नव्हता पडला?"

शेला चढवताना तिची बोटे फुगवट्याखालच्या खाचेत गेली आणि थांबली.

"जेरो, हे बाळंतपण नाही. ही माझी गाठ आहे."

"असं कसं बोलतेस? सगळं गाव वाट बघतंय."

"बघू दे. आधी हे सगळं सोडा."

"देवाच्या अंगावरचं वस्त्र काढू म्हणतेस?" मंगकूंनी हातातला नैवेद्य खाली ठेवला.

"बांधलं मी. सोडायचं पापही माझ्याच माथी घाला. पण सोडा."

मंगकूंनी झाडापुढे हात जोडले. मग त्यांनी झाडाची क्षमा मागितली आणि स्वतः पहिला शेला सोडला. एकेक करत ते माझ्यापर्यंत पोहोचले. दोरी सालीत रुतली होती. गेजिरने मुखवट्याची बारीक पटाशी काढली आणि साल न दुखवता दोरी धागा धागा तोडली. पांढरा चीक ओघळला. सुआर्निंगने तो माझ्याच टोकाने टिपला.

त्या वर्षी मुखवटा झाला नाही. पुढच्या पावसात फांद्यांच्या टोकांना हिरवी, चकचकीत पाने आली. गेजिर अजूनही जाता-येता म्हणतो, "दादोंग, तुझ्यामुळे माझं पोर हुकलं."

आता झाडावर मी एकटाच असतो. दर उत्सवाला सुआर्निंग येते, मला सोडते, झटकते आणि पुन्हा बांधते. मित्रांनो, ज्याच्यावर माया असेल त्याला खुशाल वस्त्र बांधा, पण गाठ मारून विसरू नका. सुआर्निंग तर आता गाठ मारण्याआधी, खोड आणि माझ्यामध्ये आपला अख्खा हात घालून बघते.