वाकडी चांदणी

मी एक जुना पत्र्याचा साचा आहे, मित्रांनो. नाताळच्या बिस्किटांना चांदणीचा आकार देणारा. चांद्याच्या बाजारात नवाबमिस्त्रींनी मला रॉकेलच्या डब्यातून कापलं, त्याला आता तीस वर्षं होत आली. वाकवताना त्यांचा हात हलला आणि माझं पाचवं टोक तिरकं झालं.

"दुसरा करून देतो, बाई," ते ओशाळले.

"राहू द्या, भाऊ. पोराले पसंत हाय," मिशनच्या दवाखान्यात काम करणाऱ्या गुणाबाई म्हणाल्या. त्यांचा सात वर्षांचा मुखरू मला मुठीत धरून बसला होता.

तेव्हा आमच्या चाळीत कोणाच्याच घरी भट्टी नव्हती, आजही नाही. नाताळच्या आदल्या दिवशी बाया बिस्किटं ट्रेवर मांडून कय्यूमभाईंच्या पावभट्टीवर नेतात. पाव निघाले की उरलेल्या धगीवर ती भाजायची. सगळ्यांची बिस्किटं वाटीनं कापलेली, गोल. एकट्या गुणाबाईंची चांदणी, तीही वाकडी! मुखरू आधी ते वाकडं टोकच मोडून खायचा.

पुढे कमळा सून होऊन आली. नागपूरच्या कॉलेजात शिकलेली, पण जीव सदा टांगणीला. दरवर्षी बिस्किटांचं मूठभर मळलेलं पीठ ती ओल्या फडक्याखाली बाजूला ठेवायची.

"जळलं तर, आई?"

"जळन कायले? भ्यायलेच कॉलेजात गेली होती का वं?" गुणाबाई हसायच्या.

पाच नाताळांपूर्वीची गोष्ट. दसऱ्याच्या सुमारास गुणाबाई गेल्या. नाताळसाठी त्यांनी कढवून ठेवलेलं तूप बरणीत तसंच राहिलं. मुखरू आलापल्लीच्या लाकूड डेपोत कारकून. आई गेल्यापासून घरी आला तरी दोन घास खाऊन ताटावरून उठायचा. कमळा ते पाहायची. तिनं ठरवलं, याच तुपाची बिस्किटं करायची. त्याला आईची चव एकदा तरी मिळू दे.

पण मला गंज चढला होता. घरात लहान लेक, गंज पोटात गेला तर? तिनं मला चुलीमागच्या खोक्यात टाकलं आणि वाटी घेतली. त्या वाटीचा आवाज मी ऐकत होतो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

दुपारी ती भट्टीवरून ट्रे घेऊन आली. एक बिस्किट चाखलं आणि उरलेलं परत ट्रेत टाकलं. त्याला वनस्पती तुपाचा वास होता. ट्रे दुसऱ्याच कोणाचा होता! ती धावत गेली, घरोघर विचारून परत आली. तिचा ट्रे ज्या घरी गेला, तिथले पाहुणे सगळी बिस्किटं डब्यात भरून बल्लारशाच्या गाडीनं निघूनही गेले होते. बरणीत तूपही उरलं नव्हतं.

"आई, हे काय?" लेकीनं ओलं फडकं उचललं.

मूठभर पीठ, आईंच्याच तुपातलं! कमळानं खोक्यात हात घातला, मला चिंच आणि राखेनं घासघासून चकचकीत केलं. सात चांदण्या झाल्या. मला पदराला बांधून ती भट्टीवर पोचली, तेव्हा निखारे विझत आले होते.

"अवो सूनबाई, ही चांदणी कुठी लपवली होती?" कय्यूमभाई म्हणाले. "मी हिलेच पाहून तुमचा ट्रे ओळखतो. गोल ते सगळे सारखे. आन् सात बिस्किटांपायी भट्टी पेटवू?"

"आईंच्या हातचं तूप आहे, भाऊ. शेवटचं."

ते लाकडं ओढत म्हणाले, "मंग इतका वेळ काऊन बोलून राह्यली? आण इकडे."

संध्याकाळी आलापल्लीहून चामोर्शीवरून येणाऱ्या मोटारीनं मुखरू घरी आला. कमळानं त्याच्यासमोर बशी ठेवली. त्यानं वाकडं टोक मोडलं, तोंडात टाकलं. बराच वेळ चघळत राहिला.

"आईचं तूप उरलं होतं?"

"एवढंच."

त्यानं डोळे पुसले. मग पाट ओढला. "भात वाढ कमळा, भूक लागली."

मित्रांनो, ती चव पुन्हा आली नाही. दर नाताळला मुखरू टोक मोडतो आणि क्षणभर थांबतो, काही हरवलेलं शोधत असल्यासारखा. म्हणून एक विनंती आहे. जुनी वस्तू टाकण्याआधी ती घरात कोणी, कोणासाठी ठेवून घेतली होती, एवढं विचारा. आणि मला ओलं ठेवू नका, कोरडं पुसून ठेवा. हे टोक गंजून गळलं, तर मुखरूनं सुरुवात कुठून करायची?