दोन शिक्क्यांचा फारम

मुंबईहून फारम परत आला तेव्हा घोड्यांचा वैद्य खंडोजी सलोत्री एका घोडीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून तिची दाढ चाचपत होता. डाकवाल्यानं लखोटा त्याच्या मुलाच्या, मानाजीच्या, हातात दिला. मानाजीनं तो उभ्याउभ्या फाडला, वाचला आणि ओट्यावर बसला.

"काय म्हणतात?" खंडोजीनं हात न काढता विचारलं.

"आबा, तुम्ही शिक्के किती घेतले होते?"

"दोन." खंडोजीच्या आवाजात अजून ऐट होती.

"जागा किती शिक्क्यांची होती?"

खंडोजीनं हात बाहेर काढला. घोडीनं मान झटकली.

देवासात जन्म काढलेल्याला हे समजावावं लागत नाही, आणि बाहेरच्याला सांगितलं तर खोटं वाटतं. गाव एक आणि राजे दोन. एक थोरल्या पातीचा, एक धाकट्या पातीचा. बाजारातल्या रस्त्याची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची. कचेऱ्या दोन, पागा दोन, तोफा दोन. खंडोजीच्या घराचा पुढचा दरवाजा थोरल्या पातीत उघडायचा आणि मागचा गोठा, जिथं आजारी घोडी बांधलेली असायची, तो धाकटीत पडायचा. दोन्ही पागांतली जनावरं त्याच्याकडे यायची. अठरा वर्षं तो घरातून निघताना एक मुजरा पुढं करत आला होता आणि गोठ्यात शिरताना एक मागं. समोर कुणी असो नसो. भिंतीला केला, कावळ्याला केला, पण केला.

मार्चात मुंबईच्या मेडिकल कॉलेजाचा फारम आला. त्यात एक चौकोन होता: अर्जदार ज्या संस्थानची प्रजा असेल त्याचा शिक्का. मानाजी तेव्हा इंदुरास परीक्षेला बसला होता. खंडोजीनं फारम स्वतः नेला. थोरल्या पातीचा शिक्का चौकोनात उमटला आणि घरी येताना तो वाटेतच थांबला. धाकटीकडच्यांना कळलं तर? त्यांच्या घोड्यांवर आपण पोट भरतो. म्हणून तो दुसऱ्या कचेरीतही गेला. तिथल्या कारकुनानंही काही न विचारता शिक्का उठवून दिला, त्याला काय. पण तो शिक्का वर पडू नये, खाली पडू नये, म्हणून खंडोजीनं बायकोच्या शिवणाचा दोरा नेला होता. दोरा कागदावर ताणून दोन्ही शिक्के एका ओळीत आणले. गव्हाच्या दाण्याएवढाही फरक नाही. घरी येऊन त्यानं यमुनाबाईला ते दाखवलं होतं, जसं काही मुलाची परीक्षा तोच पास झाला होता.

त्या एका ओळीतल्या शिक्क्यांवर आता तांबड्या शाईनं फुली होती. सोबत नवा कोरा फारम आणि चार ओळी. मानाजीनं त्या मराठीत सांगितल्या. "अर्जदार दोन संस्थानांची प्रजा दिसतो. तसं असू शकत नाही. एकाच संस्थानच्या शिक्क्याचा दाखला बापाच्या सहीनिशी पंधरा जूनपर्यंत पोचला नाही तर अर्ज रद्द."

"मग पुढच्या साली," खंडोजी म्हणाला.

"पुढच्या साली मी वीस पुरा असेन. विसापुढच्याला घेत नाहीत. दहादा सांगितलंय, आबा."

सन एकोणीसशे आठ. जूनची चार तारीख. डाक मुंबईला पोचायला तीन दिवस. म्हणजे बारा तारखेच्या सकाळच्या टांग्यात लखोटा पडला तर पडला.

यमुनाबाई दारात आली होती. हातात पीठ होतं. "समोर कचेरी आहे," ती म्हणाली. "पायात घाला आणि जा. एकाचाच घ्या."

"कुणाचा?"

"कुणाचाही. पोराला डॉक्टर व्हायचंय, सरदार नाही."

"तुला काय कळतंय. एकाचा घेतला की दुसऱ्याला सोडल्यासारखं झालं. उद्या पागा बंद झाली तर?"

यमुनाबाई नुसती गोठ्याकडे बघत राहिली, आणि ते बघणं खंडोजीला पुरं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांची थोरली मुलगी, मानाजीची ताई, बदनावरला सासरी बाळंतपणात अडली. दोन दिवस अडली. खंडोजी पोचला तेव्हा ती जिवंत होती. या माणसानं आयुष्यात साठ-सत्तर अडलेल्या घोड्या सोडवल्या होत्या, आडवी शिंगरं हातानं वळवून काढली होती. आणि तो त्या खोलीच्या दाराबाहेर उभा राहिला. आत सुईण होती, सासू होती, लाज होती. बापानं आत कसं जायचं? लोक काय म्हणतील? दुपारी आतला आवाज थांबला. मानाजी तेव्हा त्याच्या शेजारी उभा होता. त्या दिवसापासून पोरगं पुस्तकाला जे चिकटलं ते आज फारम हातात घेऊन ओट्यावर बसलं होतं.

"धारला जाऊ," खंडोजी एकदम म्हणाला.

"धारला कशाला?"

"तुझा जन्म धारचा. मी तिथं पागेत चाकरीला होतो. धारचा शिक्का मिळाला तर हे दोघंही दुखावत नाहीत. कुणी कुणाला सोडलं नाही." सुटका सापडल्यावर माणूस हसतो तसा तो हसला.

"आबा, धार सोडलं तेव्हा मी एका वर्षाचा होतो. ते कशाला देतील?"

"देतील. ओळखी आहेत. आणि धारला चालत नसशील तर मी सही करत नाही."

भित्रा माणूस फक्त आपल्या माणसांपुढं हट्टी होतो. बापाची सही नसेल तर फारम म्हणजे रद्दी. मानाजी उठला आणि त्यानं पिशवी भरली.

इंदूरहून धारकडे जाताना टांग्याची घोडी लंगडू लागली. टांगेवाल्याला सवारी कोण हे कळल्यावर तो हात जोडून म्हणाला, "भिया, जरा इको पग देखी लो नी." खंडोजी खाली उतरला. खूर उचलून मांडीवर घेतला, अंगठ्यानं एकदा दाबला. कमरेची सुरी काढली आणि विचारबिचार न करता घातली. काळा पू भळकन आला. घोडी थरथरली आणि मग शांत उभी राहिली. विडी पेटायलाही वेळ लागला नसेल एवढ्यात सगळं आटोपलं.

मानाजी बघत होता. "इथं नाही भीती वाटत?" त्यानं विचारलं.

"भीती कसली? घोड्याला बरं व्हायचं असतं, बस. घोडं मानपान मागत नाही."

धारला पोचले तर सही करणारे साहेब कुक्षीकडे दौऱ्यावर. दोन दिवस धर्मशाळेत गेले. मानाजी बोटांवर तारखा मोजायचा आणि बाप दिसला की हात पाठीमागं न्यायचा. नऊ तारखेला कचेरीतल्या नीलकंठपंतांनी त्यांना बोलावलं. म्हातारा, नाकावर चष्मा, चांगला माणूस. त्यांनी दप्तराचा रुमाल सोडला, जुने कागद उलटले आणि एक पान बाहेर काढलं.

"हे अक्षर कुणाचं, खंडोजी?"

खंडोजीनं ओळखलं. मोडी, त्याच्याच हातचं, अठरा वर्षांपूर्वीचं. चाकरी सोडतानाचा अर्ज.

नीलकंठपंतांनी मोठ्यानं वाचलं. "'सेवक कुटुंबासह कायमचा देवासास जात आहे. पुढे मुलाबाळांनी तेथील अन्न खावे, तेथीलच म्हणवावे.' हे लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. देवासवाल्यांना बरं वाटावं म्हणून... नक्कल त्यांना दाखवायची होती."

"म्हणजे तेव्हा तिकडच्यांना बरं वाटावं म्हणून इकडचं तोडलंत, आणि आता तिकडच्यांना वाईट वाटू नये म्हणून इकडं आलात." पंतांनी चष्मा काढून पुसला. "अहो, ह्या अक्षरावर मी काय शिक्का मारू? कुणी विचारलं तर माझी म्हातारपणी फजिती. घरी जा. समोरच्या कचेरीत अर्ध्या घटकेचं काम आहे. पोरगं हुशार आहे, त्याचं वाटोळं करू नका."

परतीच्या वाटेवर, इंदूर सोडल्यावर, मानाजी म्हणाला, "आबा, ताईच्या वेळी तुम्ही आत गेला असता तर ती वाचली असती का?"

"मूल पायाळू होतं म्हणे," खंडोजी म्हणाला. "पायाळू शिंगरू मी डोळे मिटून काढतो."



अकराच्या दुपारी ते देवासला उतरले आणि घरी न जाता थोरल्या पातीच्या कचेरीत गेले. दाखले देणारे जगदेवराव पान लावत बसले होते. नवा फारम त्यांनी पाहिला आणि खांदे उडवले. "देतो की. दौत आहे, शिक्का आहे. फक्त खाली एक ओळ लिहा, मागच्यासारखा घोळ नको. 'मी व माझे कुटुंब याच संस्थानची प्रजा, दुसऱ्या पातीची नव्हे.' आणि सही."

बोरू खंडोजीच्या हातात आला. सुरी घालताना जो हात कधी थांबायचा नाही तो आता अक्षराअक्षराला थांबू लागला. त्यानं 'मी व माझे कुटुंब' एवढं लिहिलं. खिडकीतून समोरचा रस्ता दिसत होता, आणि रस्त्यापलीकडे धाकट्या पातीच्या पागेचा एक मोतद्दार घोडं फिरवत होता. मोतद्दारानं इकडं पाहिलंही नव्हतं. पण खंडोजीला वाटलं, पाहिलं. त्याला वाटलं, हा आता आत जाऊन सांगेल, ते वर सांगतील, वरचे आणखी वर सांगतील, आणि सकाळी गोठा रिकामा असेल.

"लिहा ना," जगदेवराव म्हणाले.

"उद्या... उद्या येतो. चांगला दिवस बघून."

"आबा." मानाजी एवढंच बोलला. मग तो खाली बसला आणि एकोणीस वर्षांच्या त्या मुलानं कचेरीत, चार लोकांदेखत, बापाचे पाय धरले. "आबा, डाक सकाळी जाते. तुम्ही दोघांना मुजरा करता, मी तुम्हाला करतो. एक ओळ लिहा."

जगदेवरावांनी तोंड फिरवलं. एवढी लाज त्यांना होती.

खंडोजीनं बोरू ठेवला. पाय सोडवून घेतले. "माझी लाज काढतोस," तो पुटपुटला आणि बाहेर पडला. बाहेर पडल्यावर, काय सांगावं, त्यानं दाराला मुजरा केला. मग रस्त्यापलीकडे केला.

बारा तारखेचा टांगा गेला. घंटांचा आवाज घरात ऐकू आला तेव्हा यमुनाबाई भाकरी थापत होती. ती थापतच राहिली. मानाजी मागं गोठ्यात गेला, बाहीची घडी वर चढवली आणि शेण भरायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चार दिवस तो घरात बोलला नाही. जेवला, काम केलं, घोड्यांचे पाय धरले. पुस्तकं त्यानं फाडली नाहीत की जाळली नाहीत. चाऱ्याच्या कोठीत नेऊन ठेवली.

सोळा तारखेला खंडोजी आंघोळ करून एकटाच कचेरीत गेला. जगदेवरावांनी तोच फारम पुढं सरकवला, अर्धी ओळ लिहिलेला. खंडोजीनं उरलेली अर्धी लिहिली. हात थांबला नाही. आता त्या ओळीनं काही होणार नव्हतं ना, म्हणून थांबला नाही. शिक्का उठला. जगदेवरावांच्या तोंडातलं पान अजून चावून झालं नव्हतं.

"तारीख गेली ना हो?" जगदेवराव म्हणाले.

"गेली."

तो घरी आला. दुपारभर गोठ्यात बसून राहिला आणि वाट बघत राहिला, की आता धाकट्या पातीकडून कुणीतरी येणार, विचारणार, काढून टाकणार. चार वाजता खरंच कुणीतरी आलं. तोच मोतद्दार, धापा टाकत.

"सलोत्री कोण? तूच का? चल लवकर, घोडी अडलीय."

"माझं... कचेरीतलं काही कळलं का तिकडं?"

"कसली कचेरी?" मोतद्दार म्हणाला. "तुझं नाव काय?"

अठरा वर्षं. खंडोजीनं नाव सांगितलं. मोतद्दारानं ते ऐकलंही नाही, तो वळून चालायला लागला होता.

खंडोजीनं सुरी आणि तेलाची बाटली उचलली. मानाजी कोठीच्या दारात उभा होता. खंडोजीनं कनवटीचा फारम काढून त्याच्यापुढं धरला. मानाजीनं तो घेतला, उलगडला. एक शिक्का, चौकोनाच्या बरोबर मध्ये. सुंदर उमटला होता.

त्यानं फारमाची घडी घालून खिशात ठेवली आणि बापाच्या हातातली बाटली काढून घेतली.

"चला," मानाजी म्हणाला. "ही तरी वाचवू."

आणि गोठ्याबाहेर पाऊल टाकताना खंडोजीचा हात सवयीनं कपाळाकडे निघाला. मानाजीनं तो मनगटाला धरून खाली केला, आणि घोडीपाशी पोचेपर्यंत सोडला नाही.