बंद पाकिटातली चाल

ही गेली त्याला तीन आठवडे झाले होते. दार वाजलं म्हणून उघडलं, तर बाहेर एक उंच, बारीक माणूस उभा. घड्याळं दुरुस्त करतो म्हणाला.

"बाईंचा आणि माझा डाव अर्धवट राहिलाय. घरी सांगावं म्हणून आलो."

"कसला डाव?"

"बुद्धिबळाचा. दर गुरुवारी खेळायचो आम्ही. चार वर्षं झाली."

मला एवढंच माहीत होतं, की गुरुवारी शाळेचं ऑफिस सुटलं की ही वाचनालयात जाते. चार वर्षांत तिने एकही पुस्तक घरी आणलं नव्हतं, हे त्या दारात उभं असताना माझ्या लक्षात आलं. मी नळकाम करणारा माणूस. कुणाच्या भिंतीत कुठे पाणी मुरतंय ते बाहेरून हात लावून सांगतो. घरातलं कळलं नाही.

लग्नानंतर लगेचच एकदा तिने माझ्यापुढे पट मांडला होता. मी म्हटलं, सोंगट्या सरकवायला मला कुठे वेळ आहे? तिने पट उचलून ठेवला. भांडली नाही. पुन्हा विचारलंही नाही.

घड्याळवाल्याने मग सगळं सांगितलं. वाचनालय सहाला बंद होतं. डाव उरला तर ज्याची पाळी असेल त्याने आपली चाल कागदावर लिहायची, दुसऱ्याला दिसू न देता पाकिटात घालायची आणि पाकीट चिकटवायचं. चिकटवलेल्या जागेवर दोघांनी सह्या करायच्या. पुढच्या गुरुवारी पट तसाच मांडून पाकीट उघडायचं. शेवटच्या गुरुवारी पाळी हिची होती. शनिवारी सकाळी बादली भरता भरता ती खाली बसली, ती उठलीच नाही.

"म्हणजे त्या पाकिटात तिचं अक्षर आहे," मी म्हटलं.

"हो. शेवटचंच असेल."

"मग द्या मला."

"तसं देता येत नाही हो. समोर बसून कुणी डाव पुढे खेळणार असेल, तरच उघडतात. बाईंच्या जागी कुणीतरी बसायला हवं."

"त्यात काय, फोडायचं पाकीट."

"बाईंना ते चाललं नसतं."

माझ्या बायकोला काय चाललं नसतं, ते हा मला माझ्या दारात सांगत होता. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी शिकवणी शोधायला लागलो. पहिल्या ठिकाणी बाई म्हणाल्या, "नातवाला घेऊन या ना, आजोबा." मी म्हटलं, शिकणारा मीच. त्यांनी मला बसायला दिलेल्या खुर्चीत माझे गुडघे हनुवटीला लागले. दुसऱ्या ठिकाणचा मुलगा म्हणाला, आधी मोबाईलवर शिका, मग या. शेवटी वाचनालयाच्याच फळ्यावर कागद दिसला. 'मोठ्या माणसांसाठी, अगदी पहिल्यापासून. सोमवारी पाच वाजता.' तिथे जायचं मी इतके दिवस टाळत होतो.

शिकवायला एक निवृत्त नर्सबाई होत्या. वाचनालयातल्या बुद्धिबळ क्लबच्या, पाकिटं ठेवायच्या कपाटाची किल्लीही त्यांच्याचकडे. इंजेक्शन द्यायच्या आवाजातच शिकवायच्या.

"घोडा कसा जातो?"

"दोन घरं सरळ, मग एल्बो."

"कोण बो?"

"पाईप वळवायचा तुकडा."

"बरं, तसं. पण हात लावू नका आधी! लावलात की तीच सोंगटी हलवावी लागते."

तिथेच माझं अडायचं. जोड हाताने चाचपल्याशिवाय मला काम उमगत नाही. पहिले दोन महिने मी नुसता चाचपूनच हरलो. मग दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायला लागलो.

एका सोमवारी नर्सबाईंनी कपाट उघडून पाकीट दाखवलं, नुसतं लांबून. चिकटवलेल्या जागेवर हिची सही, तिच्यावर चढलेली त्याची. आमच्या लग्नाच्या नोंदीवरसुद्धा आमच्या सह्या वेगवेगळ्या ओळींत आहेत.

"वकीलबाई मोठ्या जिद्दीच्या," नर्सबाई म्हणाल्या.

"कोण वकीलबाई?"

"तुमच्याच हो. एकेका चालीवर भांडायच्या घड्याळवाल्यांशी. हसून हसून पुरेवाट व्हायची आमची."

माझ्याशी ती पंचवीस वर्षांत धड दोनदा भांडली असेल. मला वाटायचं, गुणी बायको मिळाली. भांडण सगळं गुरुवारसाठी राखून ठेवलं होतं तर.

घड्याळवाला सोमवारीही तिथे खेळायला यायचा. त्या दिवसापासून त्याचं सगळंच मला खुपायला लागलं. त्याची स्वच्छ नखं खुपायची. माझ्या नखांत कायम काळं असतं. हरणाऱ्याला तो "वा" म्हणायचा, तेही. तिलाही म्हणत असेल.

सात महिन्यांनी नर्सबाई म्हणाल्या, "हराल, पण हरताना कळेल का हरलात ते. बसा आता."

गुरुवारी चार वाजता पट मांडला. पांढऱ्या सोंगट्या हिच्या, म्हणजे माझ्या. नर्सबाईंनी कात्रीने पाकीट कापलं, चिठ्ठी काढली, आणि घोड्याची चाल पटावर लावली. मग चिठ्ठी आमच्यासमोर ठेवली. हात लावायची परवानगी नव्हती. हिचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. एवढीशी चाल, आणि खाली एकच शब्द.

'बरोबरी?'

मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. सात महिने मी हात मांडीखाली दाबून शिकलो, आणि हिने आधीच त्याच्याशी मिटवून टाकलं होतं. लहानपणापासून भांडणारे मिटवतात तसं, एका शब्दात. त्याने हो म्हटलं की डाव संपला. चिठ्ठी मला मिळणार होती, कारण डाव संपला की कागद ज्याचा त्याला देतात. हवं होतं ते मिळत होतं, आणि माझ्या अंगाची आग आग होत होती.

घड्याळवाल्याने बराच वेळ चिठ्ठी पाहिली. मग पट पाहिला.

"घ्या ना बरोबरी," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "चांगली आहे तुम्हाला."

"नामंजूर," तो म्हणाला, आणि त्याने हत्ती सरकवला. "खेळा."

माझ्यावर दया केली, की त्यालाही तो डाव संपवायचा नव्हता? मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दया नव्हती. मग मला जास्तच राग आला. माझ्या बायकोचा डाव संपू नये असं त्याला का वाटावं?

मी खेळलो. चुकलो असेन, पण भराभर हरलो नाही. पावणेसहाला माझा उंट अडकला.

"वकीलबाई इथे उंट सोडून द्यायच्या," तो म्हणाला. "सोंगटीची माया नव्हती त्यांना."

"मी सोडणार नाही."

"उंट जाईलच. वर डावही जाईल."

"जाऊ दे."

सहा वाजले. खाली कुणीतरी खिडक्या लावायला लागलं. पाळी माझी होती.

"आता काय करता?" नर्सबाई म्हणाल्या. "हार मानलीत तर डाव इथेच संपला, चिठ्ठी आजच घेऊन जा. नाहीतर ती कपाटात, आणि तुमची चाल पाकिटात."

चिठ्ठी माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. त्याच्यापासूनही तेवढीच. ती खिशात घालून घरी गेलो असतो, तर त्याच्याकडे चार वर्षं राहिली असती आणि माझ्याकडे एक शब्द.

"कागद द्या," मी म्हटलं.

मी हाताने झाकून चाल लिहिली. उंटाचीच. पाकीट चिकटवलं. घड्याळवाल्याने खिशातून पेन काढून सही केली, बारीक, नीटनेटकी. मग मी केली, त्याच्या सहीवर चढवून, दुप्पट मोठी.

"वा," तो म्हणाला.

"वा काय? गुरुवारी या वेळेवर."