राजा अडोमाकोच्या वहाणा

चित्र बघितलं आणि राजमाता बिरागोच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. छत्री होती, सोन्याची कडी होती, खांद्यावरचं रेशमी वस्त्रसुद्धा चुण्यांसकट उतरलं होतं. पण तिच्या भाच्याच्या, राजा अडोमाकोच्या, पायांत वहाणा नव्हत्या. असुबेनच्या राजाला गादीवरून उतरवतात ते वहाणा काढून घेऊनच. उघडं पाऊल मातीला लागलं की राजेपण संपलं, मग रडा नाहीतर भेका. आणि या गोऱ्या चित्रकारानं, पेलिंग साहेबानं, त्याला भर दरबारात, चांगला रंगवून, अनवाणी बसवला होता! इतके दिवस तिच्याच घरचा फुफू आणि गोगलगायींचा रस्सा ओरपत होता मेला, आणि खाल्ल्या घरचे वासे मोजत होता.

म्हाताऱ्या सरदार चेरेमेच्या हाती आयतंच कोलीत सापडलं. गादी आपल्या भाच्याला मिळावी म्हणून तो कधीचा टपून होता.

"पाऊल टेकलं की टेकलं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मातीवर काय अन् कागदावर काय! उद्या खालची गावं हे बघतील, आईसाहेब. त्यांना काय सांगू, राजा आंघोळीला बसला होता?"

चारदोन जण हसले. अडोमाकोनं मान खाली घातली, आणि बिरागोला त्याचाही राग आला. राजा निवडायचा मान राजमातेचा, आणि तिनंच त्याला गादीवर बसवला होता. तो उतरला तर तिचं नाक कापलं जाणार होतं, आणि घराणं कायमचं मागं पडणार होतं.

"वहाणा उतरवा म्हणाला तेव्हाच मी नाही म्हटलं होतं," ती दुभाष्या क्वान्साला म्हणाली. "विचार त्याला, डोळे फुटले होते का?"

क्वान्सा किनाऱ्यावरचा, दोन्हीकडचं मीठ खाणारा. त्यानं चाचरत विचारलं आणि चाचरतच उत्तर आणलं. "साहेब म्हणतात, त्यांच्या देशातल्या लोकांना इकडचे राजे अनवाणीच ठाऊक आहेत. वहाणा घातलेला राजा छापला तर त्यांना चित्र खोटं वाटेल. ते बदलणार नाहीत."

"म्हणजे खरं वाटावं म्हणून खोटं रंगवायचं! वा रे शहाणा!"

"फाडा ते!" मागून कुणीतरी ओरडलं.

"फाडायचं कशाला? बंदरावर जाऊन दुसरं रंगवेल." बिरागो उठली. "ते खाली ठेवा, राजापुढे. अन् चुलीतली काजळी आणा, पाम तेलात कालवून."

काजळी आली. राजमातेनं स्वतः, सगळ्यांदेखत, वाकून अडोमाकोच्या उजव्या वहाणेचा तळ माखला.

"मान वर कर," ती हळूच म्हणाली, "आणि दे ठेवून."

अडोमाको उठला. त्यानं एकदा चेरेमेकडे बघितलं, मग पाय असा आपटला की ढोलवाले दचकले. कागदावर काळीकुट्ट वहाण उमटली, छत्रीपासून थेट साहेबाच्या सहीपर्यंत.

"आता आहे वहाण चित्रात," बिरागो म्हणाली. "चेरेमे, जवळ येऊन बघ बरं. टेकलं का पाऊल?"

चेरेमेनं खांद्यावरचं वस्त्र खाली सरकवलं, राजासमोर सरकवतात तसं. तोंड मात्र एरंडेल प्याल्यासारखं झालं होतं.

साहेब लालबुंद होऊन कागदाकडे धावला. सोटेवाल्यांनी वाट अडवली.

"पाहुणा म्हणून आम्ही त्याचे बूट चालवून घेतले," बिरागो म्हणाली. "आता पुरे. राजाच्या पायाशी पडलेली वस्तू उचलायची तर इथले सगळे येतात तसं यायचं. सांग त्याला. नाहीतर राहू दे तिथंच, कोंबड्या बसतील."

पेलिंगनं क्वान्साकडे बघितलं. क्वान्सा आभाळाकडे बघत होता. शेवटी साहेब मटकन खाली बसला, नाड्या सोडल्या, मोजे ओढले. उन्हानं तापलेल्या तांबड्या मातीवर ती पांढरीफटक पावलं टुणटुण उडायला लागली तशी बायकांत खसखस पिकली. बिरागो हसली नाही. कागद त्याच्या हातात येईपर्यंत ती थांबली.

"अनवाणी पाय हवे होते ना त्याच्या लोकांना?" ती क्वान्साला म्हणाली. "मग म्हणावं, खाली बघ आणि रंगव."