हापशावरचं गोड बोलणं

हापशावर त्या दिवशी परत वाजलं. हापसा शाळेच्या अंगणात आणि झाडू माझ्या हातात, त्यामुळं भांडण बघायला मला कुठं जावं लागत नाही. गिरणीवाली आमच्या नव्या बाईंवर तोंड सोडून उभी होती.

"माझी पोर त्या वीटभट्टीच्या पोरीशेजारी का बसवली? उद्या डोक्यात उवा झाल्या म्हणजे?"

"बसवणारच," बाई म्हणाल्या. "दोघी एकमेकींची भाषा शिकतायत. भाषा कळली की माणूस कळतं."

बाईंना गाव कुठलं कळायला! भट्टीवाले परमुलखातले. विटा थापायला येतात, पाऊस लागला की जातात. त्यांचं बोलणं आम्हाला कळत नाही, आमचं त्यांना. बायकांनी त्याचाच खेळ केलेला. भट्टीची पोर पाण्याला आली की तान्ह्या बाळाशी बोलावं तशा लाडात म्हणायच्या, "आली का गं अवदसा? कधी टळणार गं ही ब्याद?" पोर खुदकन हसायची, वर त्यांच्या घागरी भरून द्यायची. मी ओरडायचे, पण झाडूवालीचं ऐकतो कोण?

पोर मात्र हुशार निघाली. गिरणीवालीच्या लेकीनं तिला आपली भाषा जीव लावून शिकवली. पोर घडाघडा बोलायला लागली, तेव्हा बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

मग एका सकाळी गिरणीवाली हापशावर नेहमीसारखी लाडात आली. "आलीस गं घाणेरडे? तुमच्या पायगुणानं पाणी आटलं बघ. कधी तोंड काळं करताय?"

पोर सवयीनं हसली. मग ते हसू तिथंच थांबलं. तिनं घागर काठोकाठ भरली, गिरणीवालीपुढं ठेवली आणि म्हणाली, "पाऊस लागला की जाऊ, काकू."

त्यानंतर ती शाळेत आलीच नाही. मी बाईंना हापशावरचं सगळं सांगितलं, तशा त्या मला घेऊन भट्टीवर गेल्या. पोर आईशेजारी विटा थापत होती. आईचे हात कोपरापर्यंत चिखलात. तिनं आम्हाला बघून तोंडभर हसून पाट पुढं सरकवला. आमच्या बोलण्यातलं तिला अक्षर कळत नव्हतं.

"चल गं," बाई म्हणाल्या. "तुझं काय चुकलं? हवं तर तुझ्या आईलाही शिकवते मी. म्हणजे ती त्या बायकांना उत्तर देईल."

पोरीनं मातीचा गोळा साच्यात आपटला.

"आईला नका शिकवू, बाई. पाण्याला गेली की ती अजूनही हसते."